होऊ घातलेल्या फादरची आई

आमच्या घरी देवाकडे काही मागितलं जात नसे. त्याला कळवलं जाई.

मागणं हे, आईच्या मते, विश्वासात कच्च्या असलेल्यांचं काम. ज्याचा विश्वास पक्का, तो देवाला काय हवं ते स्पष्ट सांगतो आणि उठून भात बघायला जातो. आई तसंच करायची. संध्याकाळी चर्चची घंटा वाजली की वसईजवळच्या गासमधल्या आमच्या घरात जपमाळ सुरू व्हायची आणि ती संपली की आईच्या विनंत्या. विनंत्या हे आपलं म्हणायला. ऐकणाऱ्याला वाटावं, एखादी कडक मुख्याध्यापिका शिपायाला दिवसाची कामं वाटून देतेय. केळीवर रोग पडू नये. दादाला गणितात बरे मार्क पडावेत. शेजारणीच्या कोंबड्यांनी आमच्या मेथीत येणं बंद करावं आणि शेजारणीला सद्बुद्धी व्हावी. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर कोंबड्यांचं आधी बघावं.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती बाहेरच्या माणसाला निम्मी कळत नसे, म्हणून इथे मी सगळ्यांना शहाण्या मराठीत बोलायला लावते आहे. देवाशी मात्र आम्ही तेव्हाही छापील मराठीतच बोलायचो. ‘कृपापूर्णे’, ‘स्तुती असो’, ‘आम्हां पाप्यांसाठी’. इतकी सभ्य भाषा आई दिवसभरात फक्त देवाशी आणि तलाठ्याशी वापरायची. पण विनंत्यांच्या वेळी ती चिडलेली असली, की छापील मराठी गळून पडायची आणि ती देवाला थेट बोलीत सुनवायची. देवाला आमची बोली नीट समजत नसावी, म्हणूनच या विनंत्यांना वेळ लागतो, अशी लहानपणी माझी समजूत होती.

वडिलांचा विश्वास कसा होता, हे सांगणं अवघड आहे, कारण जपमाळेच्या वेळी ते झोपलेले असत. पहाटे वाडीत केळीला पाणी, मग सायकलवरून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी, परत आल्यावर पुन्हा वाडी. संध्याकाळी गुडघे टेकले की त्यांचा दिवस संपायचा. पाठ ताठ, डोळे अर्धवट मिटलेले, बोटं मण्यांवरून सरकतायत. पाहुण्यांना वाटे, काय हा भक्तिभाव! जपमाळ दोन तुकड्यांत म्हणायची असते. एकानं ‘नमो मरिये’ म्हणत पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी ‘पवित्र मरिये, देवाच्या माते’ म्हणत उरलेला पुरा करायचा. पुढारपण अर्थातच आईकडे. वडील झोपेतही त्यांचा अर्धा भाग अगदी वेळेवर म्हणायचे. एकदा मी खात्री करायला त्यांच्या नाकाशी गवताची काडी नेली. ते शिंकले, ‘आमेन’ म्हणाले आणि पुन्हा झोपले.

जपमाळ चुकवायला आमच्याकडे कारण नव्हतं. ताप आलेल्यानं अंथरुणातून उत्तरं द्यायची. पाहुणा हिंदू असला तर त्यानं ओटीवर बसून चहा प्यायचा आणि वाट बघायची. आईची धाकटी बहीण अर्नाळ्याला दिलेली होती. तिच्याकडून पिशवीभर सुकी मच्छी घेऊन परत येताना बोळिंजच्या आसपास आमची एसटी बंद पडली. घंटेची वेळ झाली होती. आईनं पिशवीतून माळ काढली आणि बसमध्येच सुरू केलं. आम्ही उत्तरं देत होतो, पुढच्या बाकावरच्या बाईनं पदर डोक्यावर घेतला, एक म्हातारेबाबा हात जोडून बसले. मच्छीच्या वासानं बाकीचे आधीच पापक्षालनाच्या अवस्थेत होते. जपमाळ अर्ध्यावर आली तोच इंजिन सुरू झालं.

आई कंडक्टरला म्हणाली, “पाहिलंत?”

कंडक्टर म्हणाला, “काय पाहिलं? ड्रायव्हरनं खाली उतरून वायर जोडली ना, बाई.”

“त्याला वायर कुणी दाखवली?”

कंडक्टर तिकिटांची पेटी घेऊन मागे निघून गेला. वडील हळूच म्हणाले, “पुढच्या वेळी जरा लवकर सुरू कर. ड्रायव्हरचे कपडे तरी वाचतील.”

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे दादा.

दादा तान्हा असताना न्यूमोनियानं जाता जाता राहिला. तेव्हा आईनं देवाला कळवलं होतं, ‘याला वाचव, मी त्याला तुझ्या वेदीला देईन.’ डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, दादा वाचला. डॉक्टरांना केळ्यांचा घड गेला आणि देवाला दादा. या व्यवहारात दादाचं मत कुणी घेतलं नाही. तो दूध पीत होता.

त्यामुळे आमच्या घरात दादा मोठा होऊन काय होणार, हा प्रश्न कधी निघालाच नाही. तो फादर होणार. त्याचा ओढा मात्र वाडीतल्या पाण्याच्या इंजिनाकडे होता. शाळेतून आला की तो विहिरीपाशी. इंजिन बिघडलं की आनंदानं त्याचा चेहरा उजळायचा. हात कोपरापर्यंत काळे करून तो जपमाळेला यायचा, आई त्याला राखेनं हात घासून यायला पाठवायची आणि शेजारणीला सांगायची, “फादर झाल्यावर चर्चच्या जनरेटरची काळजी मिटली बघ.”

दहावी झाल्यावर दादा सेमिनरीत गेला. फादर होण्याचं शिक्षण तिथे मिळतं. गावानं त्याला लग्नासारखं वाजतगाजत पाठवलं. ब्रास बँड आला, हार आले, जेवण झालं. हार घातलेल्या नवऱ्यामुलाचा चेहरा जसा दिसतो, तसाच दादाचा दिसत होता. म्हणजे फाटक कुठल्या बाजूला आहे ते शोधणारा. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाण्याआडून ती कोण कोण आलं नाही हे बघत होती.

पुढची काही वर्षं आईच्या आयुष्यातली सोन्याची. चर्चमध्ये बायका तिला पुढच्या बाकावर सरकून जागा देऊ लागल्या. लग्नाच्या पंगतीत तिला सुकं मटण आधी वाढलं जाई. कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाची गाय आटली, की बायका येऊन म्हणायच्या, “तू सांग ना देवाला. तुझं ऐकतो तो.” आई नम्रपणे मान खाली घालून ‘बघते’ म्हणायची. बघते! जणू वरच्या कार्यालयात तिचा भाऊच कामाला होता. गाय पुन्हा दूध देऊ लागली तर श्रेय आईला. नाही दिलं तर त्या बाईचा विश्वास कमी पडला. दीक्षेच्या दिवशी नेसायच्या साडीचा रंगसुद्धा ठरला होता. दीक्षा व्हायला अजून कितीतरी वर्षं होती.

दादा सुट्टीत यायचा तेव्हा पांढरा शर्ट घालून ओटीवर बसायचा आणि हळू आवाजात बोलायचा. आई त्याला इंजिनाला हात लावू द्यायची नाही. तो लांबूनच त्याचा आवाज ऐकत बसायचा. एकदा म्हणाला, “वॉल्व्ह हवा खातोय.” आई म्हणाली, “तू तुझा अभ्यास कर.”

आणि मग एका दुपारी दादा परत आला.

आई ओट्यावर बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती, मी तिला केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीचे, बंद काढून देत होते. फाटकातून दादा आला. एका हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर वळकटी. एसटी स्टँडवरून चालत आल्यानं शर्ट पाठीला चिकटलेला.

“सुट्टी लवकर लागली?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मग बरं नाही का तुला?”

“बरा आहे. आई, मी परत आलोय.”

“ते दिसतंय मला. जायचं कधी?”

दादानं पेटी खाली ठेवली. “जायचं नाही. सेमिनरीच्या रेक्टरांशी बोलणं झालंय माझं. ते म्हणाले, घरी जा, शांतपणे.”

आईच्या हातात जुडी होती. तिनं बंद आवळला, आणखी आवळला, इतका की देठ कडाकडा मोडले. मग ती जुडी तिनं बाजूला ठेवली आणि म्हणाली, “जेवलास का?”

तो नाही म्हणाला. तिनं त्याला वाढलं. लोणचंही वाढलं. एवढंच. मला वाटलं, चला, थोडक्यात निभावलं.

संध्याकाळी घंटा वाजली. वडील सवयीनं उठले, दिवा लावला, गुडघे टेकले. मी त्यांच्या शेजारी. दादा दाराशी, अपराध्यासारखा. आम्ही वाट बघत होतो. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. वडील खाकरले. भांड्यांचा आवाज वाढला. वडिलांनी जरा मोठ्यानं हाक मारली, “येतेस ना?”

आतून आवाज आला, “जेवण तयार आहे. ज्यांना भूक आहे त्यांनी या.”

त्या दिवशी आमच्या घरी जपमाळ झाली नाही. जेवणं इतक्या लवकर उरकली, की पुढे काय करायचं हे कुणालाच कळेना. आम्ही आपापल्या कोपऱ्यात बसून एकमेकांना दिसणार नाही अशा बेतानं इकडे तिकडे बघत होतो. लहानपणापासून मी देवाकडे गुपचूप एकच मागणं करत आले होते, की एखाद्या दिवशी तरी जपमाळ चुकू दे. ते इतक्या उशिरानं आणि इतक्या सढळ हातानं मिळेल असं वाटलं नव्हतं. कारण दुसऱ्या दिवशीही झाली नाही. तिसऱ्याही. मग आम्ही मोजायचं सोडलं.

गावातल्या बायका भेटायला येऊ लागल्या. मयताला येतात तशा, दोघी-दोघींनी, आवाज उतरवून. “झालं ते झालं,” म्हणायच्या. चहा घेतल्यावर विचारायच्या, “मुलगीबिलगी तर नाही ना मध्ये?” मुलगी नाही म्हटल्यावर त्यांचा हिरमोड व्हायचा. ज्यांच्या गायी आईच्या सांगण्यावरून दूध देत होत्या, त्यांनाही आता आठवलं की गायीला पेंड बदलली होती. रविवारी चर्चमध्ये मिस्साला आई आपणहून मागच्या खांबाआड उभी राहू लागली. पुढच्या बाकावर तिची जागा भरायला कुणाला वेळ लागला नाही.

मग आमचे म्हातारे फादर आले. प्रेमळ माणूस, सुकेळ्यांचे भोक्ते. आईनं वाळवलेल्या केळ्यांची बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि उभी राहिली.

फादर म्हणाले, “बाई, प्रार्थना सोडू नकोस. देवानं तुझं ऐकलंय. फक्त उत्तर वेगळं दिलंय.”

आई म्हणाली, “फादर, मी पोरांना वेगळं उत्तर देते ना, त्याला आमच्या घरात ‘नाही’ म्हणतात.”

फादरांनी सुकेळं तोंडात टाकलं. बराच वेळ चावलं. मग म्हणाले, “नाही हेसुद्धा उत्तरच आहे.”

“आहे ना. मग मला मिळालंय उत्तर. आता रोज जाऊन काय विचारायचं?”

वडिलांनी मध्येच चहाचा विषय काढला. फादरांनी उरलेली सुकेळी रुमालात बांधून घेतली, आमच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. एवढ्या मोठ्या धर्मशास्त्राला आमच्या ओटीवर बशीभर सुकेळ्यांपलीकडे काही मिळालं नाही.

दादा दिवसभर वाडीत असायचा. इंजिन उघडून बसलेला. एकदा मी त्याला डबा द्यायला गेले आणि विचारलं, “का रे आलास? त्रास होता तिथं?”

“छे. जेवण घरच्यापेक्षा बरं होतं.” तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, “तिथं चॅपेलमध्ये सगळे शांत बसतात. देव काय म्हणतोय ते ऐकायचं. मी गुडघ्यावर बसलो, की मला फक्त आईचा आवाज ऐकू यायचा. बाकी कुणाचाच नाही. खूप प्रयत्न केला गं.”

मला हसू आलं. त्यालाही आलं. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो वाकून पुन्हा इंजिनात शिरला.

घरात सगळ्यांत जास्त हाल वडिलांचे झाले. त्यांची संध्याकाळची हक्काची झोप गेली होती आणि त्यामुळे पुढचं सगळं वेळापत्रक कोसळलं होतं. जेवून अंथरुणावर पडले की कूस बदलत राहायचे. शाळेत मात्र पेंगायचे. मुलांनी म्हणे त्यांच्या टेबलावर बेडूक ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच बसून राहिला.

ऑक्टोबर लागला. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, गावातल्या घराघरांतून आवाज येतो. संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो की डावीकडून ‘नमो मरिये’, उजवीकडून ‘पवित्र मरिये’. मधे आमचं घर, पडलेल्या दातासारखं. शेजारीण, तीच कोंबड्यांवाली, या दिवसांत मुद्दाम दार उघडं ठेवून म्हणायची. तिचा आवाज मुळातच मोठा.

अशाच एका संध्याकाळी वडील उठले. खिळ्यावरची माळ काढली, दिवा लावला, गुडघे टेकले.

मी म्हटलं, “काय करताय?”

“मला झोप येत नाही,” ते म्हणाले आणि क्रुसाची खूण केली.

प्रभूची प्रार्थना त्यांनी कशीबशी पार पाडली. मग पहिला मणी धरला आणि थांबले. चेहऱ्यावर घाम आला. इतकी वर्षं ते फक्त उत्तराचा भाग म्हणत आले होते. पहिला अर्धा कधी त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. पोरांकडून बाराखडी घोकून घेणारा मास्तर, ‘नमो मरिये’च्या पुढे त्यांना एक शब्द आठवेना. शेवटी त्यांनी जे येत होतं तेच म्हटलं.

“पवित्र मरिये, देवाच्या माते,” आणि सगळा अर्धा भाग, अगदी ‘आमेन’पर्यंत.

आणि वाट बघत बसले.

मला पहिला भाग येत होता. दादालाही येत होता, तो तर लॅटिनसुद्धा शिकला होता. पण का कोण जाणे, आम्ही दोघेही गप्प बसलो. वडिलांनी दुसरा मणी धरला. पुन्हा “पवित्र मरिये”. पुन्हा थांबले. तिसरा मणी.

स्वयंपाकघरात पळी आपटली.

“नमो मरिये!” आई आतून कडाडली. रस्त्यात कुणाची चूक पकडल्यासारखी. “नमो मरिये, कृपापूर्णे! आधी ते म्हणतात! कुणी केलं तुम्हाला मास्तर?”

वडील शांतपणे म्हणाले, “पवित्र मरिये.”

आतून, “नमो मरिये!”

बाहेरून, “पवित्र मरिये.”

त्या दिवसाची पूर्ण जपमाळ आमच्या घरी अशी उलटी म्हटली गेली. उत्तर आधी, हाक नंतर. जपमाळेत वाराप्रमाणे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग आठवायचे असतात, त्यांना रहस्ये म्हणतात. वार मंगळवार, म्हणजे दुःखाच्या रहस्यांचा, आणि वडिलांनी आनंदाची रहस्ये घेतली, तीही क्रम सोडून. येशूचा जन्म झाल्यावर देवदूत मरियेला तो होणार असल्याची बातमी द्यायला आला. प्रत्येक चुकीला आई स्वयंपाकघरातून एक पाऊल पुढे यायची. शेवटाला ती हातात पळी घेऊन आमच्या मागेच उभी होती आणि भात करपला होता. मरियेची स्तुती करताना वडिलांना बिरुदं आठवेनात म्हणून त्यांनी स्वतःची दोन घातली. तेव्हा मात्र तिनं त्यांच्या हातातून माळ काढून घेतली आणि गुडघे टेकले.

मग विनंत्यांची वेळ आली. आई काही बोलेना. दाराशी बसलेला दादा म्हणाला, “आईसाठी.”

“माझ्यासाठी कशाला? मला काय झालंय?” आई मागे न बघता म्हणाली. मग तिनं घरातल्या छोट्या वेदीवरच्या तसबिरीकडे पाहिलं आणि आमच्या बोलीत, अगदी तिखट आवाजात बोलायला लागली, “मी चांगला पोरगा दिला होता. धुऊन पुसून. तू परत पाठवलास. बरं. तुला नको तर नको. पण आता त्याला नुसता घरी बसवून ठेवू नकोस. त्याला काम दे. हाताचं दे. त्याला ते आवडतं.”

आणि ती रडायला लागली. खूप मोठ्यानं, शेजारीण दारात येऊन उभी राहील इतक्या मोठ्यानं. शेजारीण आलीच. आत येऊन आईशेजारी बसली आणि काही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. वडील गुडघ्यांवरच होते. मी त्यांच्याकडे बघितलं. पाठ ताठ, डोळे अर्धवट मिटलेले. झोपले होते.

दादाला काम लागलं. लगेच नाही, मध्ये पुष्कळ दिवस गेले, आणि देवाला रोज आठवण करून द्यावी लागली. नालासोपाऱ्याला पंप दुरुस्त करणारा एक गुजराती होता, त्याच्याकडे तो शिकायला राहिला. पुढे वसईच्या एका कारखान्यात फिटर झाला. आई म्हणायची, मी मिळवून दिलं. गुजराती म्हणायचा, मी शिकवलं. दादा दोघांनाही हो म्हणायचा. सेमिनरीतल्या शिक्षणाचा तेवढा उपयोग झाला. त्याच्या लग्नात आईनं साडी नेसली ती दीक्षेसाठी ठरवलेल्या त्याच रंगाची, असं मला वाटतं, पण विचारायची हिंमत मी कधी केली नाही.

आईचा देवावरचा विश्वास पूर्वीसारखा पुन्हा बसला असं मी म्हणणार नाही. ती सांगायची, पण गावात जाहीर करायची नाही. सांगितल्यावर थोडी थांबायची, कान दिल्यासारखी. उत्तर आलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. ती उठून भात बघायला जायची.

ऐंशीच्या दशकात आमच्या आळीतल्या एका बाईचा मुलगा सेमिनरीत जायला निघाला. तिनं पेढे आणले आणि आईला म्हणाली, “तुम्ही अनुभवी. काय सांगाल मला?”

आई म्हणाली, “रोज प्रार्थना कर. एक दिवस चुकवू नकोस. पण त्याला विचारून कर.”

“देवाला?”

“पोराला. देव कुठे पळून जातोय?”

त्या बाईनं चहा संपवला आणि गावभर सांगत सुटली, की फादरची आई होता आलं नाही म्हणून ही जळते. शेजारणीनं ते लगोलग आमच्याकडे पोचवलं. आईनं ऐकून घेतलं, त्या बाईच्याच पेढ्यांतला एक शेजारणीच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “गोड आहेत. खाऊन बघ.”